गढीवरच्या काकांना, अण्णांच्या लेकीकडून

काका, सा. न. वि. वि.

अण्णांना तुमच्या गढीवर घेऊन आले त्याला पंधरा दिवस झाले. लिहायला बसले की अजून घसा दाटतो. नातवाकडून वाचून घ्या.

आदल्या दिवशी आम्ही जायकवाडी धरणाच्या नाथसागराच्या काठी एका ठिकाणी पैसे भरून पक्षी बघायला गेलो होतो. नाव घेत नाही. काचबिंदूनं अण्णांची नजर गेलीय हे कळल्यावर तिथला पोरगा त्यांच्या तोंडावर म्हणाला, "मग यांना कशाला आणलं? बसवा गाडीत." पैसे मात्र पुरते घेतले. वर होडीवाल्यानं रोहितांच्या, म्हणजे फ्लेमिंगोंच्या, थव्यातच होडी घातली, का तर उडताना पंख गुलाबी दिसतात, फोटो चांगला येतो. जायकवाडीच्या कामावर अण्णा मस्टर कारकून होते. १९७६ साली धरण पुरं झालं, आणि तेव्हापासून ते दर हिवाळ्यात पाण्यावरची बदकं मोजायचे. अभयारण्य १९८६ चं, अण्णांची वही त्याच्या दहा वर्षं आधीची! तो माणूस काचा लावून गाडीत बसला होता.

तुमच्याकडे आलो तेही खरं तर परतताना, चहापुरतं. तुम्ही "बघायला काय काय हाये" असं काही सांगितलंच नाही. बुरुजाखाली बाज टाकली, अंगणातला बल्ब घालवला, अण्णांच्या शेजारी बसलात आणि त्यांचा उजवा तळहात आपल्या मांडीवर ओढून घेतलात. "हा पंजा म्हणजे आपला बुरूज समजा. अंगठा म्हणजे लिंब. इथं पिंगळ्याची जोडी," असं म्हणत करंगळीच्या बुडाशी बोट टेकवलंत. वरून चिर्रर्र झालं की तिथंच हलकेच दाबायचात. मग मधल्या बोटाच्या पेरावर, "हे वरचं भोक. इथं गव्हाणी घुबड." तेवढ्यात जुनं धोतर फाडल्यासारखा आवाज आला, आणि तुमचं बोट त्या पेरावरून सरकत सरकत अंगठ्यावर गेलं. घुबड लिंबावर जाऊन बसलं होतं. उडताना त्याच्या पंखांचा आवाज होत नाही. मी डोळ्यांनी बघत होते तरी मला ते उशिरा दिसलं. अण्णांना आधी कळलं.

"अंधारात उंदीर ते कानानंच धरतं," तुम्ही म्हणालात. "एक कान वर, एक खाली असतो त्याचा. तुमच्यावानीच हाये, अण्णा."

अण्णा हसले. कितीतरी महिन्यांनी.

गावोगावच्या गढ्या माळवदावर टाकायला पांढरी माती नेऊन नेऊन पोखरल्या गेल्या. तुमचा एक बुरूज उभा आहे, तोही भोकांसकट. भाऊबंद म्हणतात, घुबड अपशकुनी, भोकं लिंपून टाका. तुम्ही म्हणता, ते आहे म्हणून कणगीला उंदीर लागत नाही. मला वाटतं, ज्याला घुबडाची अडचण होत नाही त्याला आंधळ्या म्हाताऱ्याची तरी का व्हावी? अशी माणसं आहेत अजून, आणि त्यांनी दारावर पाटी लावलेली नसते, एवढंच.

निघताना पट्टकादंबांचा, त्या रानहंसांचा, थवा अंधारातून ओरडत पाण्याकडे गेला. हिमालय ओलांडून आलेले पाहुणे. अण्णा मान वर करून म्हणाले, "तीसेक असतील." तुम्ही "असतीलच की" म्हणालात. दिसत तर तुम्हालाही नव्हते.

बुरुजाखाली घुबडानं ओकलेली गोळी तुम्ही अण्णांच्या हातावर ठेवली होतीत ना? त्यांनी ती घरी आणून बोटांनीच सोडवली. केस बाजूला, हाडं बाजूला. उंदराचा एक इवलासा जबडा निघाला, दातांसकट. तो आता त्यांच्या चष्म्याच्या डबीत आहे. आई वैतागलीय.

वरच्या भोकात पिल्लं झाली की कळवा. फोन माझ्याऐवजी अण्णांना करा, आणि थोडा वेळ बुरुजाकडे धरून ठेवा.

आपली,
अण्णांची थोरली