बाळंतकळांवरचे उपाय तालुक्यातही मिळावेत

मा. संपादक,

जननी सुरक्षा योजना (२००५) आणि जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम (२०११) यांमुळे विदर्भातल्या खेड्यापाड्यांतली बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली. मेळघाट, गडचिरोलीत तर दिवस भरत आलेल्या स्त्रीला आरोग्य केंद्राजवळ आणून ठेवणारी माहेरघरेही उभी राहिली. मात्र तिथे पोहोचलेल्या स्त्रीच्या कळांचे काय, याची फिकीर फारशी कोणी केलेली नाही. ‘माय व्हाचं हाय त सोसाच लागते’ हे घरी ऐकलेले वाक्य तिला प्रसूतिकक्षातही ऐकावे लागते, ही गोष्ट मला अन्यायाची वाटते.

शहरांतल्या खासगी रुग्णालयांच्या फलकांवर ‘वेदनारहित प्रसूती’ असे लिहिलेले असते, ती बहुधा एपिड्युरलची. कमरेत मणक्याजवळ बारीक नळी बसवून तीतून औषध देतात आणि सर्वांत चांगला आराम यानेच पडतो. त्यामुळे जन्मभराची कंबरदुखी लागते किंवा सिझेरियनची वेळ येते, या समजुतींना अभ्यासांचा आधार नाही. तथापि रक्तदाब उतरू शकतो, शेवटचा टप्पा काहीसा लांबतो, त्यामुळे भूलतज्ज्ञ आणि सततची देखरेख हवीच. जिथे सिझेरियनसाठीसुद्धा भूलतज्ज्ञाची वाट पाहावी लागते, तिथे एपिड्युरलचे आश्वासन देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

पेथिडिन या वेदनाशामक औषधाचे इंजेक्शन स्वस्त आहे, पण त्याने वेदनेपेक्षा गुंगीच अधिक येते, मळमळते, आणि पुढच्या काही तासांत बाळ जन्मले तर त्याचा श्वास मंदावू शकतो. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्ण स्त्रीला त्यामुळे झटके येण्याचा धोका असल्याने तिच्यासाठी ते टाळावे लागते. आपल्या भागात सिकलसेलचे रुग्ण बरेच असल्याने ही बाब विसरून चालणार नाही.

माझ्या मते तालुका पातळीवर खरा विचार व्हावा तो एन्टोनॉक्सचा. निम्मा नायट्रस ऑक्साइड आणि निम्मा ऑक्सिजन असलेला हा वायू ब्रिटनमध्ये सुईणी कित्येक दशकांपासून वापरत आहेत. मुखवटा बाळंतिणीने स्वतःच्या हातात धरायचा असतो. पूर्ण परिणाम व्हायला अर्धा मिनिट किंवा थोडा अधिक वेळ लागतो, म्हणून कळ चढू लागताच खोल श्वास घ्यायचा आणि ती ओसरली की मुखवटा बाजूला करायचा. गुंगी आलीच तर हात आपोआप खाली येतो आणि वायू थांबतो, म्हणून मायेपोटीदेखील दुसऱ्या कोणी तो तिच्या तोंडावर धरू नये. कळ पूर्ण जात नाही, चक्कर किंवा मळमळ होते. पण काही मिनिटांत अंमल उतरतो आणि बाळाच्या श्वासावर पेथिडिनसारखा परिणाम होत नाही. हवेशीर खोली आणि प्रशिक्षित परिचारिका असली की हे जमण्यासारखे आहे.

बाळंतिणीला सोबत देण्यात तर खर्चही नाही. प्रसूतीच्या वेळी सतत कोणी आपले माणूस जवळ असले की कळांचा काळ कमी होतो आणि सिझेरियनचे प्रमाणही घटते, हे सिद्ध झालेले आहे. प्रसूतिकक्षांचा दर्जा सुधारण्यासाठीच्या केंद्राच्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमालाही सोबतीण अपेक्षित आहे. तरी अनेक ठिकाणी आई जुन्या लुगड्यांचे गाठोडे मांडीवर घेऊन व्हरांड्यात बसलेली असते आणि आत लेक टेबलावर एकटी उताणी पडलेली असते. दोन टेबलांमध्ये पडदा लावला, तर आईला आत घेता येईल; ती कंबर चोळून देईल, लेकीला धरून चालवील. गरज नसताना केवळ लवकर मोकळे होण्यासाठी कळा वाढवण्याचे सलाईन लावणेही थांबले पाहिजे, कारण त्याने वेदना अधिक तीव्र होतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या सूचनांनुसार निरोगी स्त्रीने मागितल्यास तिच्या पसंतीचे वेदनाशमन तिला मिळायला हवे. पण काय मिळू शकते हेच ठाऊक नसेल तर ती मागणार काय? म्हणून आठव्या-नवव्या महिन्याच्या तपासणीतच आशाताई आणि परिचारिकांनी तिला व तिच्या सासूला हे सारे समजावून सांगावे, आणि जिल्हा शल्यचिकित्सकांनी प्रत्येक ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयात एन्टोनॉक्स व परिचारिकांचे प्रशिक्षण यांची तरतूद करावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका, जि. यवतमाळ