लोहाची गोळी आणि चहा

महोदय,
पालिकेच्या आरोग्य केंद्रात गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून लोहाची लाल गोळी मिळते. रोज एक, १८० दिवस. तरी हिमोग्लोबिन ११च्या खालीच राहते, त्याचे एक कारण चहाच्या कपात असते. चहातले टॅनिन लोह अंगी लागू देत नाही. गोळीच्या आधी तासभर आणि नंतर दोन तास चहा नको, लिंबूपाणी उत्तम. कॅल्शियमची गोळीही वेगळ्या वेळी घ्या. मळमळ होत असेल तर रात्री जेवणानंतर. शौचाला काळे होते म्हणून गोळ्या बंद करणाऱ्या पुष्कळ. तो रंग लोहाचा, घाबरू नये. शाळकरी मुलींची निळी गोळी मात्र आठवड्याला एकच, उपाशीपोटी नको. आणि डबी उंचावर ठेवा, लहान पोरांना गोळ्या खाऊ वाटतात.
– एक आरोग्यसेविका, कळवा (ठाणे)