तुझी जागा जाहिरातीत कशी शोधायची

रामबाग, इंदूर

चि. रेवास अनेक आशीर्वाद.

सरकारी नोकरीच्या जाहिरातीत ‘दिव्यांग 4’ असं लिहिलंय, तर त्यातली माझी किती, असं तू विचारलंस. फोनवर सांगितलेलं लक्षात राहायचं नाही, म्हणून लिहून पाठवते. जपून ठेव.

2016 चा दिव्यांगजन अधिकार कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. 1995 च्या जुन्या कायद्यात 3 टक्के जागा होत्या, आता केंद्रात किमान 4 टक्के आहेत. अंध व अल्पदृष्टी 1, कर्णबधिर 1, अस्थिव्यंग, सेरेब्रल पाल्सी वगैरे 1, आणि स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगता, मानसिक आजार, बहुविकलांगता मिळून 1. आपल्या मध्य प्रदेशात हेच 6 टक्के आहे, प्रत्येक गटाला दीड. त्यामुळे राज्य लोकसेवा आयोगाचा किंवा कर्मचारी चयन मंडळाचा फॉर्म भरताना केंद्राचं गणित लावू नकोस.

‘दिव्यांग 4’ मधल्या चारही जागा कर्णबधिरांच्या असू शकतात. म्हणून एकूण आकडा सोड आणि तक्त्यात ‘एलव्ही’ शोध, म्हणजे लो व्हिजन, तुझी अल्पदृष्टी. ही अक्षरं दोन ठिकाणी येतात. एक रकाना राखीव जागांचा असतो, दुसरा ते पद कोणाला योग्य ठरवलंय त्याचा. योग्य पदांची केंद्राची यादी 4 जानेवारी 2021 ची आहे. पद योग्य असून तुझ्या गटाला जागा राखीव नसली, तरी अर्ज करता येतो आणि वयाची सूट मिळते. केंद्रात खुल्या गटाला ती 10 वर्षांची आहे. पुष्कळ मुलं ‘राखीव शून्य’ वाचून पान उलटतात, हे मला फार लागतं. सवलत न घेता तू खुल्या यादीत आलीस, तर तुझी निवड राखीव जागेत मोजत नाहीत. ती जागा तुझ्यासारख्याच दुसऱ्या कोणाला मिळते.

लहान खात्यात पंधरा-वीसच पदं असतात, त्यांचा 1 टक्का म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण केंद्राचा रोस्टर, म्हणजे कोणतं पद कोणासाठी राखीव ते ठरवणारी क्रमवार यादी, 100 बिंदूंचा असतो, त्यात पंचवीस-पंचवीसचे चार गट. 1, 26, 51 आणि 76 हे बिंदू दिव्यांगांचे. पहिल्या बिंदूवरचं पद योग्य नसेल, तर 2 ते 25 मधलं दुसरं द्यावं लागतं. उमेदवार मिळाला नाही तर जागा पुढच्या भरती वर्षात जाते. तिथेही मिळाला नाही तर दिव्यांगांच्याच दुसऱ्या गटाला देता येते, आणि त्यानंतरच इतरांना.

आता लेखनिक, म्हणजे परीक्षेत तू सांगशील ते उत्तर लिहिणारा. केंद्राच्या सूचनांप्रमाणे तासाला किमान 20 मिनिटं जास्त मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. पण 29 ऑगस्ट 2018 च्या सूचनांत नुसत्या मागणीवर लेखनिक मिळायचा तो अंध, दोन्ही हात बाधित आणि सेरेब्रल पाल्सी यांना. तुझ्या यूडीआयडी कार्डावर, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रावर, ‘अल्पदृष्टी’ आहे, तेव्हा लिहिण्यात अडचण आहे असं वेगळं प्रमाणपत्र मागतात. ते सिव्हिल सर्जन किंवा शासकीय रुग्णालयाच्या अधीक्षकांचं लागतं, ठरलेल्या नमुन्यात, आणि त्यावर नेत्रतज्ज्ञाची सही हवी. दुसऱ्याच विभागाच्या डॉक्टरची सही असली तर परीक्षा केंद्रावर अडतं. ऐन परीक्षेच्या आठवड्यात हे कागद होत नाहीत.

लेखनिक स्वतःचा नेता येतो का आणि त्याचं शिक्षण किती असावं, याचे नियम 2025 मध्ये बदलले, तेव्हा माहितीपत्रकात बघ.  स्वतःचा नेलास तर त्याचं मूळ ओळखपत्र आणि गुणपत्रिका बरोबर ठेव. भाषेच्या पेपरला वेगळा लेखनिक घेता येतो, पण एका विषयाला एकच. परीक्षा घेणाऱ्या मंडळाचा लेखनिक घेतलास तर परीक्षेआधी त्याला भेटायला माग. भेटलीस की आकडेमोडीचं एक पान त्याच्याकडून वाचून घे. नुसतं ‘बी’ म्हटलं की ‘डी’ ऐकू येतं, म्हणून ‘दुसरा पर्याय’, ‘चौथा पर्याय’ असं बोलायची सवय दोघांनाही लाव. तक्त्याचा प्रश्न आला की आधी सगळे मथळे वाचायला सांग, मग एकेक ओळ. नाहीतर आकडे डोक्यात येतात, पण ते कशाचे हे कळत नाही, आणि जास्तीची वीस मिनिटं तिथेच जातात. संगणकावरच्या परीक्षेत अक्षर मोठं करायची सोय आहे का, हे माहितीपत्रकात आधीच बघून ठेव.

फॉर्म कियोस्कवर भरलास तरी शेवटचं बटण दाबण्याआधी स्वतः भिंग लावून तपास. तिथला मुलगा घाईत ‘दिव्यांग: नाही’ ठेवतो, आणि ते नंतर बदलता येईलच असं नाही. दहावीची गुणपत्रिका, आधार आणि यूडीआयडी या तिन्हींवर नाव अक्षरशः एकच हवं. पिवळं यूडीआयडी कार्ड म्हणजे 40 ते 79 टक्के, आणि 40 च्या खाली आरक्षण नाही. प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर मुदत कधी संपते तेही बघ.

नोकरी लागल्यावर मोठा मॉनिटर किंवा स्क्रीन वाचणारं सॉफ्टवेअर मागायला संकोचू नकोस, कलम 20 मध्ये ती सोय कार्यालयाकडे सोपवलेली आहे. अडवलं तर तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी दे आणि पोच घे. नोंदल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी व्हायला हवी. नाही झाली तर जिल्हा समिती आहे, राज्य आयुक्त आहेत.

दिवाळीला येशील तेव्हा सिव्हिल सर्जनच्या प्रमाणपत्राचं काम करून घेऊ. नमुन्याच्या दोन कोऱ्या प्रती आणि तीन फोटो घेऊन ये.

तुझी,
आई