पाच दिवसांच्या किलिमांजारोचा खर्च कोण सोसतो?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या आगेमागे टांझानियातील किलिमांजारो या आफ्रिकेतल्या सर्वांत उंच पर्वताच्या माथ्यावर तिरंगा घेऊन उभ्या असलेल्या मुंबई-ठाण्यातील गिर्यारोहकांची छायाचित्रे वृत्तपत्रांत हमखास दिसतात. त्यांच्या आनंदात उणे काढण्याचा माझा हेतू नाही. त्या शिखराचे नावच मुळी 'उहुरू', म्हणजे स्वाहिली भाषेत स्वातंत्र्य. ९ डिसेंबर १९६१ रोजी टांगानिका, म्हणजे आजच्या टांझानियाचा मुख्य भूभाग, स्वतंत्र झाला तेव्हा त्या देशाचा ध्वज आणि मशाल तेथे नेण्यात आली होती, त्यामुळे स्वातंत्र्यदिनी तेथे झेंडा फडकावावासा वाटणे अगदी स्वाभाविक आहे. मात्र ही चढाई किती दिवसांत केली आणि सामान कोणी वाहिले, या दोन गोष्टी त्या बातम्यांत क्वचितच असतात. सहल आयोजकांच्या जाहिरातींत याच्या उलट प्रकार दिसतो. तेथे दिवसांचा आकडा ठळक छापलेला असतो आणि तो जितका लहान तितकी सहल उत्तम, असा एकूण थाट असतो. या पत्राचे निमित्त तो आकडाच आहे.

मी एका राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालेली, तीसेक वर्षे सह्याद्रीत भटकणारी बाई. शेवटच्या कसारा लोकलने जाऊन पहाटे गड चढायला लागायचे आणि रविवारी रात्री घरी परतायचे, ही माझी सवय. साठी जवळ आल्यावर एकदा तरी मोठा पर्वत चढावा असे वाटले आणि मी शहरातल्या एका आयोजकाकडे किलिमांजारोसाठी नाव नोंदवले. त्यांचे नाव येथे देत नाही, कारण तक्रार एका संस्थेपुरती नाही. तीन ठिकाणांहून दरपत्रके मागवली होती आणि त्यांतले सर्वांत स्वस्त निवडले : मारंगू वाट, पाच दिवस. नोकरीत असताना एखाद्याने बाजारभावापेक्षा इतक्या कमी दराने काही देऊ केले असते, तर मी आधी त्याची कागदपत्रे मागवली असती. येथे मागवली नाहीत.

आपल्याकडच्या अनुभवाचा या डोंगरावर कितपत उपयोग होतो, हे एका तुलनेवरून लक्षात येईल. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, उंची १,६४६ मीटर. मारंगू वाटेचे प्रवेशद्वार, जेथे आपण गाडीतून उतरतो आणि नावे नोंदवतो, तेच कळसूबाईच्या माथ्यापेक्षा उंचावर आहे. तेथून पहिला मुक्काम मंडारा येथे सुमारे २,७०० मीटरवर, दुसरा होरोंबो येथे सुमारे ३,७०० मीटरवर आणि तिसरा किबो येथे सुमारे ४,७०० मीटरवर, आणि त्याच तिसऱ्या रात्री बाराच्या सुमारास शिखराकडे निघायचे, ते ५,८९५ मीटरपर्यंत. म्हणजे समुद्रसपाटीला राहणाऱ्या मुंबईकराने झोपण्याची उंची रोज हजार-हजार मीटरने वाढवायची. उंचीवरच्या आजारांचा अभ्यास असलेले डॉक्टर सांगतात की तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे. पाच दिवसांचा कार्यक्रम हा नियम किंचित वाकवत नाही, तो नियम दुप्पट वेगाने मोडतो.

माथ्यावर हवेतल्या प्राणवायूचे प्रमाण आपल्याकडच्याइतकेच असते, पण हवेचा दाब जवळजवळ निम्म्यावर येतो आणि त्यामुळे प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायूही निम्मा होतो. शरीर याला सरावू शकते, फक्त त्याला रात्री हव्यात. दमदार छाती किंवा कसलेले पाय हा त्या रात्रींना पर्याय नाही. उलट धडधाकट माणूस भराभर चढतो आणि म्हणूनच लवकर अडचणीत येतो. आमच्या अकरा जणांच्या गटात ठाण्याचा एक मॅरेथॉन धावणारा तरुण होता. वाटाडे दिवसभर 'पोले पोले', म्हणजे हळूहळू, असे बजावत होते आणि हा पठ्ठ्या प्रत्येक मुक्कामाला सगळ्यांच्या आधी पोहोचून आमची वाट पाहत बसायचा. किबोच्या संध्याकाळी त्याच्या बोलण्यात जडपणा आला. मुख्य वाटाड्याने त्याला टाचेला बोटे टेकवत सरळ रेषेत चालायला सांगितले आणि त्याला चार पावलेही तशी टाकता आली नाहीत. आयोजकाचा माणूस ऑक्सिमीटर पुढे करून आकडा ठीक असल्याचे सांगत होता. कोविडच्या दिवसांपासून त्या यंत्रावर आपला फार विश्वास बसला आहे. पण वाटाड्याने आकड्याकडे पाहिलेच नाही. त्याने एकचाकी स्ट्रेचर मागवला आणि अंधार पडण्यापूर्वी त्या मुलाला खाली रवाना केले. मेंदूला सूज येऊ लागल्याची ती लक्षणे होती आणि त्यावर खाली उतरण्याइतका खात्रीचा उपाय नाही. तो मुलगा आज ठणठणीत आहे आणि त्याचे श्रेय पूर्णपणे त्या टांझानियन वाटाड्याचे आहे.

मी स्वतः त्या रात्री सुमारे ५,१५० मीटरवरच्या हान्स मेयर गुहेपर्यंत गेले. डोके फुटेल असे दुखत होते, दोनदा उलटी झाली होती, आणि सहायक वाटाड्याने माझा हात धरून मला परत फिरवले. होरोंबोला पोहोचेपर्यंत डोकेदुखी जणू कधी नव्हतीच. गुहेला ज्याचे नाव आहे त्या जर्मन भूगोलतज्ज्ञाची हकिगत मी नंतर वाचली. १८८७ साली त्याला वरच्या बर्फाने परत पाठवले. पुढच्या वर्षी किनाऱ्यावरच्या उठावात तो कैद झाला आणि डोंगरावर जायचे राहिलेच. १८८९ साली मात्र त्याने वाटेवर ठिकठिकाणी तळ उभारून तेथे अन्नाचा साठा ठेवण्याची व्यवस्था केली, म्हणजे एक प्रयत्न फसला तरी पायथ्यापर्यंत उतरावे लागू नये. लुडविग पुर्टशेलर या साथीदारासह तो ३ ऑक्टोबरला माथ्यावरच्या ज्वालामुखीच्या विवराच्या कडेपर्यंत पोहोचला, थकून माघारी आला, विश्रांती घेतली आणि ६ ऑक्टोबरला माथ्यावर उभा राहिला. या पर्वतावर पहिल्यांदा चढलेल्या माणसांनाही मधले दोन दिवस सोडता आले नाहीत आणि आपण ते जाहिरातीत सवलत म्हणून विकतो.

आमच्यापैकी चौघे शिखरावर पोहोचले. त्या चौघांचे छायाचित्र पुढे एका दैनिकात छापून आले. उरलेल्या सात जणांचा उल्लेख त्यात नव्हता आणि आमचे सामान वाहणाऱ्या छत्तीस पोर्टरांचा तर नसणारच होता.

घरी परतल्यावर मी ती तिन्ही दरपत्रके पुन्हा समोर ठेवली. विमानाचे तिकीट, व्हिसा, पायथ्याजवळच्या मोशी शहरातले हॉटेल, प्रवेशद्वारापर्यंतची गाडी हा खर्च पाच दिवसांना जेवढा तेवढाच आठ दिवसांना. राष्ट्रीय उद्यानाचे शुल्क दिवसागणिक डॉलरमध्ये भरावे लागते, मुक्कामाचे शुल्क रात्रीगणिक, आणि दोन्हींत घासाघीस चालत नाही. मग दर खाली आणायचा असेल तर आयोजकाच्या हातात दोनच गोष्टी उरतात : दिवस कमी करणे आणि माणसांना कमी देणे. पहिल्याचा भार आमच्या शरीरावर पडला. दुसऱ्याचा कोणावर पडला हे मला उतरताना कळले, तेही योगायोगाने.

माझी पिशवी वाहणारा पोर्टर माझ्या मुलाच्या वयाचा होता. त्याच्या पायात फाटलेले कॅनव्हासचे बूट होते आणि वरच्या थंडीत अंगात एक पातळ जाकीट. पैशाला ते 'पेसा' म्हणतात, गाडीला 'गारी', विम्याला 'बिमा', चहाला 'चाय', त्यामुळे मोडक्यातोडक्या संभाषणाला सुरुवात करणे सोपे गेले. बोलता बोलता समजले की त्या पाच दिवसांत त्यांना नीट जेवण दिवसातून एकदाच मिळत होते, मजुरी ठरल्यापेक्षा कमी हातात पडणार होती आणि ती तूट आम्ही शेवटी देणार असलेल्या बक्षिशीतून भरून निघेल असे त्यांना सांगण्यात आले होते. आम्हाला मात्र बक्षिशी ही ऐच्छिक कृतज्ञता असल्याचे सांगितले गेले होते आणि गटातल्या काहींनी शिखर न मिळाल्याच्या रागात ती कमी केली. ज्या दोघांचा परस्परांशी काहीच व्यवहार नाही, त्यांच्यात आयोजकाने असा हिशेब लावून दिला होता.

तेथे नियम नाहीत असे नाही. पोर्टरच्या पाठीवरच्या ओझ्याला २० किलोंची मर्यादा आहे आणि प्रवेशद्वारावर काटा लावून वजन होते. २००३ पासून मोशीमध्ये किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट नावाची संस्था काम करते. ती पोर्टरांना गरम कपडे आणि बूट विनामूल्य वापरायला देते, आणि योग्य मजुरी, जेवण व निवारा देण्याचे मान्य करणाऱ्या कंपन्यांच्या मोहिमांवर लक्ष ठेवते. आपला मुंबईतला आयोजक ज्या स्थानिक कंपनीला काम देतो ती या व्यवस्थेत आहे की नाही, हे विचारायला एक ईमेल पुरते. मी विचारले नव्हते, आणि खेदाची गोष्ट अशी की आमच्या आयोजकालाही ती संस्था ठाऊक नव्हती, किंवा तसे त्यांनी दाखवले.

यावर नेहमीची उत्तरे मला माहीत आहेत. नोकरदाराला रजा मिळत नाही, हे पहिले. रजा खरोखरच नसेल तर किलिमांजारो पुढच्या वर्षी करावा, तो कुठे जात नाही. गेल्या वर्षी एव्हरेस्टच्या तळापर्यंत जाऊन आलो होतो, असेही सांगितले जाते. पण उंचीचा सराव खाली आल्यावर काही आठवड्यांतच ओसरतो. डायमॉक्सच्या गोळ्यांबद्दल तर आमच्या व्हॉट्सअॅप गटात चुरमुऱ्यांसारखी देवाणघेवाण चालली होती. ती गोळी शरीराला सरावण्यास मदत करते हे खरे, पण सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये, आणि ती काही गाळलेले मुक्काम भरून देत नाही. मुलांना नेणाऱ्या पालकांनी तर जास्तच सावध राहावे. उद्यानाने शिखरासाठी दहा वर्षांची किमान वयोमर्यादा ठेवली आहे, आणि त्याहून लहान मुलाच्या 'विक्रमा'ची बातमी छापताना संपादकीय विभागाने एक क्षण थांबावे, असे मला वाटते.

राज्य शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले, पण ते राज्याच्या हद्दीतल्या उपक्रमांसाठी आहे. मुंबईत पैसे घेऊन आफ्रिकेत नेणाऱ्या आयोजकाला सध्या विचारणारा ग्राहकाशिवाय दुसरा कोणी नाही. म्हणून माझी सूचना ग्राहकाला आणि आपल्यासारख्या दैनिकांना आहे. आयोजकाने माहितीपत्रकात प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाची उंची मीटरमध्ये छापावी. एका गिर्यारोहकामागे किती पोर्टर असतील, त्यांना रोज किती मिळेल आणि बक्षिशी त्यात धरली आहे का, हे लेखी द्यावे. परत फिरवण्याचा निर्णय तेथील वाटाड्याचा असेल आणि त्यावर आयोजकाचा माणूस वाद घालणार नाही, हेही त्यात असावे. विमा काढताना तो किती उंचीपर्यंत लागू आहे ते तपासावे, कारण आमच्यापैकी तिघांचा विमा निम्म्या डोंगरातच संपत होता. आणि आपण शिखरावरचे छायाचित्र छापाल तेव्हा त्याखाली वाट, दिवस आणि गटातल्या किती जणांपैकी किती पोहोचले एवढे तरी द्यावे. एका ओळीची जागा लागेल.

पुढच्या जानेवारीत मी पुन्हा जाणार आहे, या वेळी पश्चिमेकडच्या लेमोशो वाटेने, आठ दिवसांत. त्या वाटेवर चौथ्या दिवशी लाव्हा टॉवरपर्यंत, म्हणजे सुमारे ४,६०० मीटरवर चढून त्याच संध्याकाळी बारांकोच्या ३,९०० मीटरच्या आसपासच्या मुक्कामाला उतरतात आणि दुसऱ्या दिवशीही जवळजवळ त्याच उंचीवर झोपतात. मी वरील सर्व प्रश्न पाच आयोजकांना लेखी पाठवले. दोघांनी सविस्तर उत्तरे दिली, दोघांनी नुसतेच दरपत्रक पुन्हा पाठवले आणि एकाने फोन करून सांगितले की मॅडम, हे आजवर कोणी विचारलेच नव्हते. जुनी तिन्ही दरपत्रके आणि ही उत्तरे, नावे खोडून, आपल्या बातमीदाराला पाहायला देण्याची माझी तयारी आहे.

आपली,
एक नियमित वाचक,
विलेपार्ले (पूर्व), मुंबई