गुडघा बदलून मिळतो, मग कवळी का नाही?

प्रति,
माननीय आरोग्यमंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

सादर नमस्कार.

ऑक्टोबर २०२४मध्ये वयाची सत्तरी गाठलेल्या सगळ्यांसाठी, उत्पन्नाची अट न ठेवता, केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेतलं, रुग्णालयात मोफत उपचार देणारं आयुष्मान वय वंदना कार्ड सुरू झालं. आमच्या इंदूरमधल्या रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर भागातल्या कितीतरी आजी-आजोबांनी ते काढून घेतलं आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यावर होतं, झिजलेला गुडघाही बदलून मिळतो. याबद्दल शासनाचे आभार आधीच मानते, कारण पुढची मागणी या कार्डावर विश्वास ठेवूनच करते आहे.

मागणी एकच. म्हाताऱ्या माणसांचे दात आणि हिरड्या या कार्डात घ्या.

आज ते त्यात नाहीत. कीड भरणं, रूट कॅनाल, झिजेमुळे करावे लागणारे दातांचे उपचार, हे सगळं योजनेतून वगळलेलं आहे. आजार किंवा इजा होऊन रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तरच दाताचा खर्च मिळू शकतो. आता कवळी बसवायला किंवा हिरड्या साफ करून घ्यायला कोण दाखल होतं? म्हणजे ज्या उपचाराची सत्तरीनंतर घरोघरी गरज पडते, तोच नेमका बाहेर राहिला.

मी सरकारी नोकरीतून निवृत्त झालेली परिचारिका आहे. आता आसपासच्या वृद्धांकडे जाऊन बीपी मोजते, ड्रेसिंग करते, औषधांच्या वेळा लावून देते. घरात गेलं की ताटाकडे लक्ष जातंच. दात गेले की आधी काकडी-गाजराची कोशिंबीर जाते, मग पेरू, शेंगदाणे, मोडाची उसळ. भाकरी तर केव्हाच सुटलेली असते. उरतो मऊ भात, चहात बुडवलेलं बिस्किट नाहीतर पोळीचा तुकडा, फार तर साबुदाण्याची खीर. त्यातून माणूस मधुमेही असला तर डॉक्टरांच्या कागदावर कच्च्या भाज्या, कडधान्यं, फळं असं लिहिलेलं असतं. तो कागद फ्रिजवर चिकटवलेला असतो आणि समोर मऊ भात कालवलेला असतो. साखर का उतरत नाही म्हणून औषध वाढवलं जातं. ती माणसं हट्टी नाहीत हो, त्यांना चावताच येत नाही.

'वय झालं, आता दात पडायचेच,' हे वाक्य मी घरच्यांकडून ऐकते, दवाखान्यातही ऐकते. ते खरं नाही. या वयात दात हलतात ते बहुतेक वेळा हिरड्यांच्या आजारामुळे. दातांच्या मुळाशी साचलेलं कीट टणक होतं, हिरडी सुजते, सैल पडते आणि आतलं हाड हळूहळू विरघळत जातं. यात वर्षानुवर्षं काही दुखत नाही. घासताना रक्त येतं एवढीच खूण असते, आणि रक्त येतं म्हणून लोक नेमकं तिथे घासणं सोडतात. मऊ ब्रशने तिथेच रोज, हलक्या हाताने घासायला हवं आणि दंतवैद्याकडून कीट काढून घ्यायला हवं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. हिरडी खाली सरकली की दाताचं मूळ उघडं पडतं. त्यावर वरच्या भागासारखं कठीण आवरण नसल्यामुळे कीड चटकन लागते. म्हणून फ्लोराइड असलेली पेस्ट लहान मुलांइतकीच आजोबांनाही लागते. तंबाखूची मिश्री आणि राखुंडी मात्र त्यांच्या हातातून काढूनच घ्यावी लागते.

औषधांचाही यात वाटा आहे. रक्तदाबाच्या, ॲलर्जीच्या, नैराश्याच्या काही गोळ्यांनी लाळ आटते आणि कोरड्या तोंडात कीड फार लवकर पसरते. रक्तदाबासाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या ॲमलोडिपिनमुळे काहींच्या हिरड्या फुगून दातांवर चढतात. मधुमेहात हिरड्यांचा आजार बळावतो आणि सुजलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात राहत नाही. असं असताना मधुमेहाच्या शिबिरात पाय तपासतात, डोळे तपासतात, पण 'आ करा' असं म्हणताना मी क्वचितच कुणाला पाहिलं आहे.

जपानने १९८९मध्ये ठरवलं की ८० व्या वर्षी माणसाच्या तोंडात स्वतःचे २० दात असले पाहिजेत, आणि त्यासाठी देशभर मोहीम घेतली. २०१६च्या पाहणीत तिथल्या निम्म्या वृद्धांनी ते गाठलेलं होतं. आपल्याकडे असं उद्दिष्ट कुणी बोलूनसुद्धा दाखवत नाही.

ज्यांचे दात गेले ते तर गेलेच. त्यांच्या कवळीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण कवळी म्हणजे एकदाच जाऊन घेऊन येण्याची वस्तू, असं कार्यालयात बसून वाटू शकतं. पूर्ण कवळीसाठी आधी एक माप, मग दुसरं बारकाईचं माप, मग दोन्ही जबडे कसे मिटतात त्याची नोंद, मग मेणात बसवलेले दात लावून बघणं, त्यानंतर कवळी हातात. पुढे ती जिथे टोचेल तिथे घासून घ्यायला आणखी फेऱ्या. काठी टेकत चालणाऱ्या आजींना प्रत्येक वेळी रिक्षा लागते, सोबतीला कुणीतरी लागतं आणि त्या माणसाचा दिवसाचा रोजही बुडतो. दोन-तीन फेऱ्यांत घरचे कंटाळतात. मग अर्धवट बसलेली कवळी डबीत पडून राहते आणि फक्त लग्नकार्याला निघते. शिवाय दात गेल्यावर जबड्याचं हाड आटत राहतं, त्यामुळे काही वर्षांपूर्वीची चांगली कवळीही सैल होते, घासते, जखम करते. रात्री ती काढून, घासून पाण्यात ठेवायची असते. तोंडात ठेवूनच झोपलं तर खाली बुरशी धरते. दोन आठवड्यांत न भरलेली जखम तर दाखवलीच पाहिजे. तंबाखू-सुपारीच्या आपल्या या मुलखात ती तोंडाच्या कर्करोगाची सुरुवात असू शकते.

प्रदेशाचं सरकारी दंत महाविद्यालय इंदूरमध्येच आहे. कवळ्या बनवणं हा तिथल्या विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचाच भाग आहे. तिथे आठवड्यातला एक दिवस फक्त वृद्धांसाठी राखून ठेवावा, त्या दिवशी रांग नसावी, शक्य तेवढी कामं एकाच फेरीत व्हावीत आणि येण्याजाण्याचा खर्च कार्डातून मिळावा. देपालपूर, सांवेर, महूच्या लोकांना इंदूर लांब पडतं. त्यांच्यासाठी मापं घ्यायला गाडीच गावात गेली पाहिजे.

आयुष्मान आरोग्य मंदिराच्या, म्हणजे जवळच्या सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्र-उपकेंद्राच्या, १२ सेवांमध्ये मुखआरोग्य लिहिलेलं आहेच. तिशीपुढच्या सगळ्यांचं तोंड कर्करोगासाठी टॉर्च लावून बघायचं, असाही नियम आहे. तोंड उघडलेलं असतानाच हलणारे दात, सुजलेल्या हिरड्या, टोचणारी कवळी यांची नोंद व्हावी आणि पुढची चिठ्ठी तिथल्या तिथे मिळावी. यासाठी नवं यंत्र लागत नाही, नोंदवहीत एक रकाना वाढवावा लागेल.

अंथरुणाला खिळलेल्यांना विसरू नका, ही माझी विशेष विनंती आहे. त्यांच्या तोंडात साचलेले जंतू लाळेबरोबर छातीत उतरतात आणि न्यूमोनिया होतो. मुली-सुना कूस बदलतात, अंग पुसतात, पण तोंडात बोट घालायला घाबरतात. माणसाला थोडं उठतं बसवून, मऊ ब्रश किंवा ओल्या गॉझने दात, हिरड्या आणि जीभ कशी पुसायची, हे घरी येऊन एकदा हाताने करून दाखवणारं कुणीतरी हवं. आशाताईंना हे शिकवता येईल, त्याचा वेगळा मोबदला मात्र त्यांना द्या. आमच्यासारख्या निवृत्त परिचारिका शिकवायला तयार आहेत, मी स्वतः येईन.

या पत्राची हिंदी प्रत आपल्या कार्यालयाकडे टपालाने पाठवली आहे. कार्डातली वगळणूक केंद्राच्या नियमात असल्यामुळे ती बदलायला वेळ लागेल, हे मला समजतं. तोवर कवळी आणि हिरड्यांच्या उपचारांचा खर्च राज्याने स्वतः उचलावा आणि केंद्राकडे शिफारस पाठवावी. वृद्धांचा राखीव दिवस आणि नोंदवहीतला रकाना यांसाठी तर आपला आदेश पुरेसा आहे. तो या महिन्यात निघावा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका
रामबाग, इंदूर