‘स्मार्ट’ म्हणजे काय, ते एकदा छापा

संपादक महोदय,

विजेच्या स्मार्ट मीटरची सूचना सोसायटीच्या फलकावर लावल्यापासून सभासद मला जिन्यात गाठतात. ‘सेक्रेटरी, मीटर स्मार्ट म्हणजे बिल कमी येणार की जास्त?’ हा तळमजल्यावरच्या आजींचा रोकडा सवाल. आपल्या दैनिकात मीटरच्या बाजूने आणि विरोधात बातम्या पुष्कळ आल्या. तो नेमकं काय करतो, हे मात्र त्यांत शोधावं लागतं.

शेवटी मी शब्दाचंच मूळ शोधलं. जुन्या इंग्रजीत ‘स्मार्ट’ म्हणजे ठणकणारं, झोंबणारं. वेदनेला जर्मन भाषेत ‘श्मेर्ट्स’ म्हणतात, तो याच भावकीतला. साबण गेला की इंग्रजांचे डोळे आजही ‘स्मार्ट’ होतात! झोंबणाऱ्या फटक्यावरून जोरकस, मग चपळ, सतराव्या शतकाच्या सुमारास चलाख आणि हजरजबाबी, पुढे टापटीप कपड्यांतला, असा अर्थ सरकत गेला. आपल्याकडे ‘मुलगा स्मार्ट आहे’ म्हणजे हुशार की नुसता देखणा, ते स्थळ आणणाऱ्यालाच ठाऊक. आणि ‘जास्त स्मार्ट बनू नकोस’ ही तर सरळ धमकी. यंत्रांना हे विशेषण चिकटलं ते १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला, व्हिएतनाम युद्धात लेसरच्या आधारे नेम साधणाऱ्या बॉम्बमुळे. फोन फार नंतर स्मार्ट झाले.

ठाणे सप्टेंबर २०१६मध्ये स्मार्ट सिटीच्या यादीत आलं आणि इथे प्रत्येक कामाच्या पाटीवर हा शब्द चढला. गावदेवी मैदानाखालचं वाहनतळही त्याच योजनेतलं. पण ‘भुयारी वाहनतळ’ म्हटलं की गाडी कुठे लावायची ते कळतं. स्मार्ट म्हटल्याने काय कळतं? हुशारीची ग्वाही मिळते आणि प्रश्न विचारणारा उगाच अडाणी ठरतो.

मथळ्यात जागा कमी असते, मान्य. तिथे ‘स्मार्ट’ खुशाल राहू द्या. पण खालच्या पहिल्याच वाक्यात वस्तूचं काम सांगा: ‘रीडिंग आपोआप कळवणारा मीटर’, ‘फळ्याच्या जागी टच स्क्रीन असलेला वर्ग’. मीटरची बातमी असेल तर प्रीपेड की पोस्टपेड, हेही तिथेच लिहा. आमच्या सभासदांचे निम्मे प्रश्न त्याचेच असतात.

– एका गृहनिर्माण सोसायटीचा सचिव, नौपाडा, ठाणे (प.)