ओव्हरसियर काका, तुमचा ओळंबा अजून माझ्याकडेच आहे

काका, तुम्ही मोबाईलवर गुड मॉर्निंगच्या फोटोंपलीकडे काय बघत नाय ते माहितीय, तरी इथे लिहितोय, काकी वाचून दाखवतील.

काल इंजिनिअरिंगच्या एसओएमचा, म्हणजे स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सचा, रिझल्ट लागला आणि सुटलो एकदाचा. दोनदा केटी लागलेली, म्हणजे विषय राहिलेला, आणि दोन्ही वेळा वाकड्या बीमनेच घात केला. आडवा बीम असला की सगळं बरोबर यायचं, जरा तिरका नाहीतर गोल केला की डोकं बंद. क्लासच्या सरांना विचारलं तर म्हणाले सूत्र पाठ कर, एवढं जमत नसेल तर बापाबरोबर होडीवर जा, आणि हे सगळ्या पोरांसमोर. फी मात्र पूर्ण आधीच घेतलेली. बाबा होडीवर जातात त्यात हसण्यासारखं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही.

त्या संध्याकाळी तुमच्या पडवीत मी खरं तर आईने दिलेले फणसाचे गरे पोचवायला आलेलो. वही काखेत होती, ती तुम्हीच मागितलीत. रस्त्यावरच्या दिव्याचा खांब, वर पाव वर्तुळासारखा वळलेला, त्रिज्या 2 मीटर, टोकाला 200 न्यूटन वजन, आणि काढायचा होता मोमेंट, म्हणजे वजन गुणिले अंतर, खांबाला वाकवणारा जोर. मी वळणाचीच लांबी धरलेली, 3.14 मीटर, म्हणून उत्तर 628. तुम्ही चुकलं म्हणालातच नाही. खिळ्यावरचा ओळंबा, तो दोरीला वजन बांधलेला, काढलात, समुद्राकडे झुकलेल्या तुमच्या त्या माडाकडे बोट केलंत आणि म्हणालात, "मेल्या, नारळाचा वजन माडावरसून चलान येता काय? ता सरळ खाली पडता."

झालं. वर्षभर जे कळत नव्हतं ते दोरीने दाखवलंत. बीम कितीही वाकडा असू दे, वजनाची रेघ सरळ खाली, आणि आपण जिथे कापतो, म्हणजे जिथला मोमेंट काढायचा, तिथून त्या रेघेपर्यंतचं आडवं अंतर तेवढं धरायचं. मग वळण सुरू होतं तिथे 400 न्यूटन मीटर, 45 अंशावर 283, टोकाला शून्य. आणि खालच्या सरळ खांबात पार जमिनीपर्यंत तेच 400, कारण अंतर बदलतच नाही! तिरक्या बीमचं पण तसंच निघालं, मधोमध उभं वजन असलं की मोमेंट आडव्या बीमइतकाच, फक्त स्पॅन, म्हणजे दोन टेकूंमधलं अंतर, जमिनीवर मोजायचा, उतारावर नाही. लांबीच्या दिशेने दाब-ताण येतो तो वेगळा काढायचा.

पण मी हे लिहितोय ते त्यासाठी नाही. मग लाईट गेली, आपल्याकडे जाते तशी. मी वही मिटायला लागलो तर तुम्ही टॉर्च लावून माझ्या डोक्यावर हात लांब करून उभे राहिलात, पाऊण तास तरी. मध्येच मी 283 च्या जागी 238 लिहून पुढे गेलो. तुम्ही काही बोलला नाहीत, नुसता उजेड हळूच मागे त्या ओळीवर नेलात आणि तिथेच ठेवलात, मला दिसेपर्यंत. काका, ते मी विसरणार नाही. टोकाला मोबाईल आणि सगळा मोमेंट खांद्यात, काय दुखला असेल तुमचा हात ते आता गणित येतंय म्हणून कळतं. हुशार माणसं खूप बघितली, पण समोरच्याला खाली न बघायला लावता त्याची चूक त्याच्या हाती देणारी माणसं कुठे भेटतात हो, आणि भेटली तरी पाटी लावून बसलेली नसतात.

ओळंबा परीक्षेपर्यंत ठेव म्हणालेलात, रविवारी आणून देतो. बाबांना सुरमई मिळाली तर ती, नाहीतर बांगडे तरी नक्की. येताना क्रेनच्या हुकाचं गणित पण आणतोय, तिथे मोमेंट तसाच निघतो पण वळण जाड असलं की न्यूट्रल अॅक्सिस, म्हणजे वाकवल्यावर जिथे ना दाब ना ताण ती रेघ, आतल्या बाजूला सरकतो, तो का सरकतो ते तुमच्याकडूनच ऐकायचंय. मोबाईल चार्ज करून ठेवा.